वाकलेली फळी आणि छोटी वाइड लेन्स: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो, पण पहिल्याच मुद्द्यापाशी अडलो. तो स्वतः तपासल्याशिवाय काही लिहिणं बरोबर वाटेना. म्हणून चार दिवस लागले.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी पहिली वाइड लेन्स घेणाऱ्याने मोठ्या एफ १.८ लेन्सच्या किंवा जड झूमच्या मागे न लागता २० मिमीच्या आसपासची, एफ २.८ ची छोटी प्राइम घ्यावी, असं मी लिहिलं होतं. (मिमीचा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद. एफचा आकडा जितका लहान तितकं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, मोठं. प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स.) त्यावर तुमचे आक्षेप तीन. एक, या छोट्या लेन्स मुळातच अर्धवट बनवलेल्या असतात, जे काचेनेच करता येतं ते त्यांत केलेलं नसतं, त्यांच्या वाकड्या रेषा सॉफ्टवेअर सरळ करतं आणि ही गोष्ट मी लपवली. दोन, एफ २.८ अंधारात कामाची नाही. तीन, वजनाचं कारण ही पळवाट आहे. ज्याला मनापासून फोटो काढायचे आहेत तो वजन मोजत बसत नाही. अशा लेखांनी नवशिक्यांची दिशाभूल होते, असं तुम्ही शेवटी म्हटलंय. ते मला लागलं, कारण लेख त्यांच्यासाठीच लिहिला होता.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी आहे. लेखातलं ‘रेषा सरळ राहतात’ हे वाक्य मी कॅमेऱ्याने आधीच दुरुस्त करून दिलेल्या जेपेग फाइली पाहून लिहिलं होतं. लपवायचा हेतू नव्हता, पण लिहिण्याआधी जे बघायला हवं होतं ते बघितलं नव्हतं. या वेळी बघितलं. घरातल्या पुस्तकांच्या कपाटासमोर मीटरभर अंतरावर ट्रायपॉड लावला, कॅमेरा कपाटाला नीट समांतर केला आणि रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) अशा सॉफ्टवेअरमध्ये उघडली जिथे लेन्सची दुरुस्ती पूर्ण बंद करता येते. वरची फळी मधोमध वर फुगलेली, दोन्ही टोकं खाली उतरलेली. खालची फळी बरोबर उलटी. चारही कोपरे काळवंडलेले. दुरुस्ती चालू केल्याबरोबर फळ्या सुतासारख्या सरळ झाल्या आणि कोपरे उजळले.

मग तीच फाइल शंभर टक्के मोठी करून कोपरान् कोपरा पाहिला. मधल्या पुस्तकांच्या कण्यांवरची बारीक अक्षरं पूर्ण उघड्या ॲपर्चरलाही स्वच्छ दिसतात. वरच्या उजव्या कोपऱ्यात एक शब्दकोश होता. त्याचं ठळक नाव वाचता येतं, पण खालच्या बारीक ओळीतल्या मात्रा पुसट झालेल्या आणि अनुस्वार जवळजवळ गायब. एफ ८ ला अनुस्वार परत आले, पण मधल्या पुस्तकांवर दिसतात तितके टोकदार नाहीत, जरा पसरट. हे नुकसान खरं आहे. कोपरा ताणून सरळ केला की थोड्या पिक्सेलना जास्त जागा भरावी लागते, त्यामुळे तिथला तपशील विरळ होतो. तुम्ही म्हणता ते इतकं खरं आहे आणि मी ते लिहायला हवं होतं.

पण यावरून ‘अर्धवट बनवलेली’ असा निष्कर्ष काढता, तिथे मी तुमच्याबरोबर नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एसएलआर, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मधे आरसा होता. त्या आरशाला हलायला जागा हवी, म्हणून लेन्सचा माउंट, म्हणजे ती कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते ती कडी, फिल्मपासून लांब ठेवावा लागे: निकॉन एफला ४६.५ मिमी, कॅनन ईएफला ४४ मिमी. आता २० मिमीची साधी लेन्स फिल्मपासून साधारण २० मिमीवर बसायला हवी, तिथे तर आरसा आहे. यावर तोडगा म्हणून पुढे मोठी ऋण (प्रकाश पसरवणारी) भिंगं लावून प्रतिमा मागे ढकलायची रचना आली. १९५० मध्ये फ्रान्समध्ये पियेर आंजेन्यूने ३५ मिमी एफ २.५ लेन्स आणली, तिचं नावच रेट्रोफोकस होतं आणि पुढे या प्रकारच्या सगळ्याच लेन्सना तेच नाव चिकटलं. वाइड लेन्स पुढून अशी थोराड दिसते, त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे.

मिररलेसमध्ये आरसा गेला. हे अंतर सोनी ई माउंटला १८ मिमी, निकॉन झेडला १६, कॅनन आरएफला २० असं खाली आलं. आता वाइड लेन्स चिमुकल्या होणार असं खूप जणांना वाटलं, मलाही. पण अडचण फिल्मच्या जागी आलेल्या सेन्सरची निघाली. फिल्म तिरप्या प्रकाशाला बऱ्यापैकी सहन करायची. सेन्सरच्या पुढे काचेचा थर असतो, पिक्सेलवर सूक्ष्म भिंगं असतात, आणि फार तिरपा आलेला प्रकाश तिथे नीट पोहोचत नाही; कडा मऊ पडतात, कधी रंगसुद्धा बदलतो. त्यात भूमितीचा नियम आहेच: साध्या, सममित (मधोमधच्या दोन्ही बाजूंना सारखी भिंगं असलेल्या) रचनेच्या १६ मिमी लेन्सने फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या, टोकाच्या कोपऱ्यात मधल्या प्रकाशाच्या जेमतेम एक अष्टमांश प्रकाश पोहोचतो, २० मिमीने सुमारे एक पंचमांश. म्हणजे जागा मोकळी झाली तरी प्रकाश जरा सरळ करून सेन्सरवर सोडावाच लागतो, आणि त्यासाठी काच लागते.

मग लेन्स छोटी करायची कशी? इथे कुठला दोष काचेने घालवायचा आणि कुठला नंतरच्या हिशेबावर सोडायचा, हे रचनाकाराला ठरवावं लागतं. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे रेषा वाकण्यात, बिंदू फक्त आपल्या जागेवरून सरकतो. किती सरकला हे माहीत असलं की तो गणिताने परत जागेवर आणता येतो. कोमा किंवा ॲस्टिग्मॅटिझम या दुसऱ्या दोषांचं तसं नाही, तिथे बिंदू फिसकटतो, आणि फिसकटलेला बिंदू कुठलंही सॉफ्टवेअर पूर्णपणे गोळा करून देत नाही. त्यामुळे ज्याने हाताशी असलेली मोजकी भिंगं फिसकटणं रोखायला वापरली आणि सरकणं कॅमेऱ्यावर सोपवलं, त्याने विचार करून निवड केली आहे. मला ती निवड पटते.

मर्यादा कुठे ओलांडली जाते, हा प्रश्न मात्र रास्त आहे. कॅनन आरएफ १६ मिमी एफ २.८ हे टोकाचं उदाहरण. १६५ ग्रॅममध्ये फुल फ्रेमची १६ मिमी मिळते, पण दुरुस्ती बंद केली तर कोपरे चक्क काळे दिसतात. इमारतींची कामं घेणाऱ्याला ती लेन्स मी सुचवणार नाही. उलट बाजूला फुजीची एक्सएफ १४ मिमी एफ २.८ आहे, २०१३ सालची. तिच्यात रेषा काचेनेच सरळ ठेवल्या आहेत आणि वजन २३५ ग्रॅम. क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर तिची दृष्टी फुल फ्रेमच्या २१ मिमीएवढी. म्हणजे ‘काचेनेच करता येतं’ हा तुमचा मुद्दा खोटा नाही. फक्त तिथे लेन्सला लहान सेन्सर भरायचा होता, आणि ॲपर्चरही एफ २.८ वरच थांबवलेलं होतं.

तुमच्या प्रतिक्रियेत न आलेली एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. रेषा वाकण्याच्या धास्तीने आपण महाग, मोठी लेन्स घेतो आणि मग दुसरंच काहीतरी फोटो बिघडवतं. लहान खोलीत दहा माणसांचा ग्रुप फोटो काढून बघा. दुरुस्ती केलेली, रेषा अगदी सरळ. तरी टोकाला उभ्या असलेल्या मुलाचं डोकं कोपऱ्याच्या दिशेने ओढल्यासारखं लांबट येतं, आणि मधल्या माणसाचा चेहरा व्यवस्थित. हा लेन्सचा दोष नाही. रुंद दृश्य सपाट पृष्ठभागावर उतरवायचं आणि रेषाही सरळ ठेवायच्या म्हटलं की कडेच्या गोल वस्तू ताणल्या जाणारच. फुल फ्रेमच्या टोकाच्या कोपऱ्यात हा ताण २४ मिमीला सुमारे १.३५ पट, २० मिमीला १.४७ आणि १६ मिमीला १.६८ पट असतो. सगळ्यात महाग लेन्सलाही हाच आकडा. पहिली वाइड लेन्स १६ मिमी घेऊ नका असं मी लिहिलं, ते यासाठी. माणसं असलेल्या फोटोत ती सांभाळायला सराव लागतो.

आता एफ २.८. रात्रीचं आकाश टिपायचं असेल तर तुम्ही पूर्ण बरोबर आहात, तिथे एफ १.८ घ्यावी. २० मिमीला २५ सेकंदांच्या पुढे गेलं की तारे रेघोट्या होऊ लागतात, आजच्या जास्त पिक्सेलच्या सेन्सरवर त्याच्याही आधी. वेळ वाढवता येत नसेल तर प्रकाश ॲपर्चरमधूनच यायला हवा. हा अपवाद लेखात नव्हता, आता घातला आहे. एरवी १.८ आणि २.८ मधला फरक सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० च्या जागी सुमारे ४०००. मिणमिणत्या उजेडात हलणाऱ्या माणसांचे फोटो हेच तुमचं मुख्य काम असेल तर हा फरक जाणवेल. स्थिर दृश्याला बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) तो सहज भरून काढतं. आणि वाइड लेन्स दिवसा बहुतेक वेळा एफ ८ वरच असते. २० मिमी, एफ ८, फोकस पावणेदोन मीटरच्या जरा अलीकडे, एवढं केलं की साधारण ८५ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. तिथे १.८ चा उपयोग काय होणार?

वजनाबद्दल मात्र मी एक पाऊलही मागे घेणार नाही. फुजीच्या दोन १६ मिमी लेन्स घ्या: एफ १.४ ची ३७५ ग्रॅम, एफ २.८ ची १५५. सोनीची २० मिमी एफ १.८ आहे ३७३ ग्रॅम, २४ मिमी एफ २.८ आहे १६२, फिल्टर ६७ च्या जागी ४९ मिमीचा. हे आकडे कागदावर किरकोळ वाटतात. पण वाइड ही बहुतेकांची दुसरी लेन्स असते, आणि पिशवी भरताना ‘आज राहू दे’ म्हणून जी बाहेर काढली जाते ती हीच. माझी मोठी वाइड लेन्स दोन वर्षांत मोजक्या वेळा बाहेर गेली. छोटी आल्यापासून ती कॅमेऱ्यावरून उतरत नाही. वाइड लेन्सला जवळ जावं लागतं, अडचणीत शिरावं लागतं. जिन्याच्या कठड्याच्या दोन गजांमधून कॅमेरा एका हाताने बाहेर काढून मी खालच्या चार मजल्यांच्या पायऱ्या एकात एक गुंडाळल्यासारख्या टिपल्या, तो फोटो लेखात पहिलाच आहे. मोठी लेन्स त्या गजांमधून जातच नव्हती, आधी करून पाहिलं होतं. वजन आणि आकार मी मोजतो, कारण मला फोटो काढायचे आहेत.

झूमबद्दल थोडक्यात. सोनीची १६-३५ एफ ४ पॉवर झूम ३५३ ग्रॅम आहे, निकॉनची १४-३० एफ ४ ४८५ ग्रॅम. फक्त प्रवासासाठी एकच वाइड ठेवणाऱ्याला त्या चांगल्या आहेत, एफ २.८ च्या जड झूमची गरज काम म्हणून फोटो काढणाऱ्यालाच पडते.

तुमच्या लेन्सची डावी बाजू उजवीपेक्षा मऊ येते असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो रचनेचा दोष नसावा, तुमच्या हातातल्या नगाचा असावा. एखादं भिंग किंचित सरकलेलं असलं की असं होतं. माझी पहिली लेन्सही याच कारणाने मी बदलून घेतली होती. भिंतीचा फोटो काढून हे ठरवू नका, कॅमेरा केसभर तिरपा असला तरी फसायला होतं. लांबची एखादी बारीक कामाची वस्तू निवडा, पूर्ण ॲपर्चर ठेवा, आणि तीच वस्तू आळीपाळीने चारही कोपऱ्यांत घेऊन, प्रत्येक वेळी नव्याने फोकस करून चार फोटो काढा. चारही सारखेच मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव तसा आहे. एकच कोपरा वेगळा असेल तर बदलून मागा, आणि मुदतीच्या आत मागा.

२८ मिमीची पॅनकेक (अगदी चपटी लेन्स) का सुचवली नाही, हे तुम्ही विचारलंत. कॅननची १२० ग्रॅमची २८ मिमी किंवा निकॉनची १२५ ग्रॅमची २६ मिमी दोन्ही सुरेख आहेत, रोजच्या वापराला मी आनंदाने घेईन. पण आजच्या बहुतेक फोनचा मुख्य कॅमेराच २४ ते २६ मिमीच्या आसपास बघतो. वाइड म्हणून घेतलेली लेन्स फोनपेक्षा कमी दाखवत असेल तर घेणारा हिरमुसतो. २० मिमीला कर्णावर ९४ अंश मिळतात, २८ ला ७५. डोळ्याला फरक लगेच कळतो.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललं आहे. ‘रेषा सरळ राहतात’ च्या जागी आता असं आहे: ‘रेषा कॅमेरा सरळ करतो, त्याची किंमत कोपऱ्यांतल्या बारीक तपशिलात मोजावी लागते. तुमचं रॉ सॉफ्टवेअर या लेन्सची दुरुस्ती ओळखतं का, हे घेण्याआधी तपासा.’ कपाटाचे दोन्ही फोटो, वाकलेल्या फळीचा आणि सरळ झालेल्या फळीचा, त्याच्याखाली शेजारी शेजारी लावले आहेत. शब्दकोशाचा कोपराही मोठा करून ठेवला आहे.