‘स्नेअरला ५७ लाव, बाकी विचार करू नको’: या सल्ल्याला माझं उत्तर

ड्रम वाजवणाऱ्या आणि घरीच रेकॉर्डिंग करणाऱ्या नागपूरच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मलाच तो चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: “स्नेअरला एकच माइक, ५७. जगातलं प्रत्येक गाणं त्याच्यावरच रेकॉर्ड झालंय. कंडेन्सर लावला तर आवाज फाटतो, माइकही उडतो. ५७ हाय-हॅट घेतच नाही. खालून दुसरा माइक लावला की आवाज दुप्पट जाड. माइक बरोबर असला की ड्रम कसाही चालतो, बाकी मिक्सिंगमध्ये होऊन जातं.”

५७ म्हणजे शुअर कंपनीचा एसएम ५७ हा माइक. स्नेअर म्हणजे ड्रमसेटमधला, खालच्या बाजूला तारा असलेला कडक आवाजाचा ड्रम, हाय-हॅट किंवा नुसती हॅट म्हणजे त्याच्या शेजारची पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, आणि कंडेन्सर म्हणजे ५७ पेक्षा वेगळ्या जातीचा, जास्त नाजूक कानाचा माइक. माझ्याकडे तो आहे, मी तो वापरतो आणि पुढेही वापरीन. माझं भांडण त्या माइकशी नाही, ‘एकच’ या शब्दाशी आहे. हा मेसेज वाचून पोरं महिनोन्‌महिने पैसे साठवतात, माइक आणतात, आणि आवाज पहिल्यासारखाच येतो. मग त्यांना वाटतं, आपल्या हातातच दोष आहे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून एकेका वाक्याचं उत्तर देतो.

“जगातलं प्रत्येक गाणं ५७ वर रेकॉर्ड झालंय”

एसएम ५७ बाजारात आला १९६५ साली. त्याच्या आधी कितीतरी वर्षं स्नेअर रेकॉर्ड होत होताच. ५७ च्या आतला कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, त्याहूनही जुना आहे: अर्नी सीलर या इंजिनिअरने तो घडवला आणि १९५९ मध्ये ५४५ या मॉडेलमधून तो लोकांपुढे आला. एसएम ही अक्षरं ‘स्टुडिओ मायक्रोफोन’ची, आणि डोळ्यांपुढे होते ते रेडिओ-टीव्हीचे स्टुडिओ, म्हणजे बोलणारी माणसं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या टेबलावर आजही हाच माइक दिसतो. ड्रमवाल्यांनी तो नंतर आपलासा केला, आणि त्याला कारणं आहेत. पाच-सहा हजार हर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज उचललेला असतो, त्यामुळे स्टिकचा ‘टक्’ मिक्समध्ये पुढे येतो. अंग बारीक, म्हणून हॅट आणि टॉम (स्नेअरशेजारचा ड्रम) यांच्या फटीत बसतो. स्टिकचा एखादा फटका चुकून लागला तरी सहन करतो.

पण त्याच कामासाठी मोठमोठ्या स्टुडिओंत सेनहायजरचा एमडी ४४१, बेयरडायनॅमिकचा एम २०१, एकेजीचा सी ४५१, नॉयमनचा केएम ८४ हेही वर्षानुवर्षं लागत आलेत. यातले शेवटचे दोन तर कंडेन्सर. आणि रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत पाहा: किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) एक माइक, ड्रमच्या वर एक, फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमच्या) बाजूने एक, आणि शेवटचे दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर. त्यात स्नेअरचा मुख्य आवाज या लांबच्या दोन माइकमधून येतो. जवळचा माइक लावलाच तर आधारापुरता. मी हे अंतर सुतळीने मोजतो. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मधोमध बोटाने दाबून धरायचं, दुसरं आधी वरच्या माइकपर्यंत न्यायचं आणि गाठ मारायची, मग तीच गाठ बाजूच्या माइकला टेकते का ते पाहायचं. या सुतळीने माझा स्नेअर जेवढा सुधारला तेवढा एकाही नव्या माइकने सुधारला नाही.

“कंडेन्सर लावला तर आवाज फाटतो, माइकही उडतो”

यात अर्धं खरं आहे, पण कारण चुकीचं दिलंय. जोरात मारलेला स्नेअर दोन-तीन इंचांवर १३० डेसिबलच्या पुढे सहज जातो. नॉयमनचा केएम १८४ घ्या, तो १३८ डेसिबलपर्यंत सोसतो. एकेजीचा सी ४१४ एक्सएलएस पॅडशिवाय (पॅड म्हणजे माइकमधून जाणारा आवाज कमी करणारं बटन) १४० आणि सगळ्यात मोठा पॅड लावून १५८. म्हणजे माइक उडत नाही. स्वस्तातल्या काही कंडेन्सरची मर्यादा १२० च्या आसपास असते, ते मात्र स्नेअरच्या तोंडाशी नेऊ नयेत. डब्यावर किंवा कागदावर ‘मॅक्स एसपीएल’, म्हणजे माइक सोसतो ती आवाजाची मर्यादा, लिहिलेली असते, ती वाचून घ्यावं.

मग आवाज फाटतो कुठे? बहुतेक वेळा पुढच्या इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यात. सारख्याच आवाजाला केएम १८४ हा ५७ च्या आठ-नऊ पट व्होल्टेज देतो, म्हणजे १८ ते २० डेसिबल जास्त. पोरगा ५७ काढतो, तिथे कंडेन्सर लावतो, गेनचं (माइकचा आवाज वाढवणारं) बटन होतं तिथेच राहतं, आणि पहिल्याच फटक्याला लाल दिवा लागतो. ठपका माइकवर येतो. गेन खाली घ्या, तरीही लाल दिवा लागला तर पॅड दाबा, आणि मग ऐका.

नागपुरात मात्र कंडेन्सर टाळायचं एक खरं कारण आहे, आणि ते त्या मेसेजमध्ये नाही. ते म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, खोलीत कूलर लागतोच, आणि बंद खोलीतला कूलर हवा दमट करून टाकतो. कंडेन्सरच्या कॅप्सूलवर ओल धरली की तो मध्येच चर्रचर्र करायला लागतो. पावसाळ्यातही तेच. तुमची खोली अशी असेल तर ५७ सारखा डायनॅमिक माइक लावा, मी स्वतः मे-जूनमध्ये तेच करतो. पण मग त्यासाठी लावा, कंडेन्सर ‘उडतो’ म्हणून नाही.

“५७ हाय-हॅट घेतच नाही”

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय, म्हणून इथे जरा थांबतो.

१४ एप्रिलच्या आधी आपल्याकडे भीमगीतांच्या रेकॉर्डिंगची किती गर्दी असते ते इथल्या प्रत्येक वादकाला माहीत आहे. अशाच दिवसांत इंदोऱ्यातल्या एका मित्राच्या खोलीत एका ग्रुपचे ड्रम घेत होतो. दहा बाय बाराची खोली, खाली फरशी, आवाज नको म्हणून कूलर बंद, सगळे घामाने निथळत होते. ड्रमर एकोणीस-वीस वर्षांचा, हात सुंदर. पहिला टेक ऐकला तर स्नेअरच्या ट्रॅकवर स्नेअरपेक्षा हॅटच जास्त. तो हेडफोन काढत म्हणाला, “दादा, ५७ तं लावला ना आपण, मंग हे छी-छी काऊन येऊन राहिलं?”

मी त्याला स्टँडजवळ नेलं. माइक फ्लोअर टॉमच्या बाजूने आत आला होता आणि स्नेअरवरून आरपार थेट हॅटकडे तोंड करून बसला होता. ५७ कार्डिऑइड आहे, म्हणजे तो सगळ्यात कमी ऐकतो ते सरळ पाठीमागचं. आमची हॅट त्याच्या पाठीशी नव्हती, तोंडासमोर होती. कोणत्याही कंपनीचा कोणताही माइक तिथे हॅटच घेणार.

स्टँड उचलून आम्ही हॅट आणि छोट्या टॉमच्या मधून आत आणला, माइकची शेपटी हॅटकडे आणि तोंड स्नेअरच्या मध्याकडे. रिमच्या आत दोन बोटं, हेडच्या (ड्रमच्या कातड्याच्या) वर तीन बोटं. मग हॅटची दांडी चार बोटं वर घेतली. तो आधी नाही म्हणत होता, हाताला सवय नाही म्हणून, पण दोन-तीनदा वाजवल्यावर त्याचा हात बसला. शेवटी त्याला हॅट स्टिकच्या टोकाने आणि स्नेअर जरा जोरात वाजवायला सांगितलं. दुसऱ्या टेकला हॅट मागे गेली होती. माइक तोच, खोली तीच.

आता कधी कधी स्टँड तिथे जातच नाही. ड्रमर हॅट अगदी जवळ ठेवतो, छोटा टॉम खाली असतो, फटच उरत नाही. अशा वेळी माइक बदलण्यात खरा अर्थ आहे. शुअरचा बीटा ५७ए सुपरकार्डिऑइड आहे, त्याची सगळ्यात बहिरी जागा पाठीमागे नसून तोंडापासून साधारण १२६ अंशांवर, म्हणजे मागच्या कोपऱ्यांत असते. एम २०१ हायपरकार्डिऑइड, त्याची ११० अंशांच्या आसपास. हॅट माइकच्या बाजूला पडत असेल तर हे दोघं ५७ पेक्षा ती चांगली टाळतात. पण त्यांना सरळ पाठीमागचं थोडं ऐकू येतं, तेव्हा शेपटीकडे क्रॅश (मोठी झांज) येऊ द्यायची नाही. म्हणजे माइक निवडायचा तो हॅट नेमकी कुठे आहे ते बघून.

आणखी एक. पाच-सहा हजारांवर उचललेला माइक स्नेअरला धार देतो तसा आत शिरलेल्या हॅटलाही देतो. मिक्समध्ये ट्रेबल वाढवली की दोघीही वर येतात. हॅट पातळ, कर्कश असेल तर मी मुद्दाम कमी चमक असलेला माइक घेतो आणि स्टिकचा ‘टक्’ ओव्हरहेडमधून (ड्रमच्या वर टांगलेल्या माइकमधून) मिळवतो.

“खालून दुसरा माइक लावला की आवाज दुप्पट जाड”

बरेचदा उलटंच होतं. स्टिक पडली की वरचं हेड खाली जातं, म्हणजे वरच्या माइकपासून दूर. खालचं हेडही खालीच ढकललं जातं, म्हणजे खालच्या माइकच्या जवळ. एकाच फटक्याला दोन माइकच्या आतले पडदे एकमेकांच्या उलट्या दिशेने हलतात. दोन्ही ट्रॅक तसेच मिसळले की खालचा भरीव आवाज एकमेकांना खाऊन टाकतो आणि स्नेअर पत्र्याचा डबा वाजावा तसा वाटतो. इंटरफेसवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळावर तिरकी रेघ असलेलं बटन असतं, ते खालच्या माइकला दाबायचं. दाबा, सोडा, दाबा. जाडपणा जिथे परत येतो ती बाजू बरोबर.

तरीही खालचा माइक जाडीसाठी नसतोच. तो तारांची सळसळ देतो, ब्रशने किंवा हळू वाजवलेल्या गाण्यात ती हवीशी असते. आपल्याकडच्या जोशाच्या, ढोलकी-ऑक्टोपॅडसोबतच्या गाण्यांत मी तो फार क्वचित लावतो, कारण किकचा दणका तोच सगळ्यात जास्त पकडतो.

“माइक बरोबर असला की ड्रम कसाही चालतो”

नाही चालत. मध्ये खळगा पडलेलं, वर्षभर न बदललेलं हेड कोणत्याही माइकपुढे मेलेलंच वाजतं. चौदा इंची स्नेअरला आठ किंवा दहा बोल्ट असतात. मध्यभागी एक बोट हलकंसं टेकवून प्रत्येक बोल्टसमोर, रिमपासून इंचभर आत, स्टिकने टिचकी द्यायची. जिथे सूर खाली आहे तिथे चाबी पाव फेरा. पुन्हा टिचकी. यात वीस मिनिटं जातात. सकाळी लावलेला ड्रम दुपारी खोली तापल्यावर उतरतो, म्हणून टेकच्या आधी परत. खालचं पातळ हेड लोक विसरूनच जातात, ते सैल असलं की तारा नीट चिकटत नाहीत आणि प्रत्येक फटक्यामागे एक फरफर राहते. ती मिक्सिंगमध्ये काढता येत नाही, मी तासन्‌तास घालवून पाहिलंय. एका माइकच्या पैशात दोन्ही बाजूंची कितीतरी हेड येतात.

‘एकच माइक’ या हट्टामुळे आणखी एक घात होतो: नकली ५७. जगभर या माइकच्या नकला विकल्या जातात, खुद्द कंपनीच त्याबद्दल सावध करते. माझ्या ओळखीच्या एका पोराने स्वस्तात मिळाला म्हणून एक घेतला. आवाज बोदा, वरचं काहीच नाही. अस्सल एसएम ५७ चं वजन २८४ ग्रॅम असतं. इतवारीत त्याच्या मामाचं सोन्या-चांदीचं दुकान, आम्ही माइक तिथल्या काट्यावर ठेवला. आकडा २४० च्याही खाली थांबला. विकणाऱ्याने परत घेतला नाही. वजन बरोबर असलेल्या नकलाही असतात, त्यामुळे काटा ही पहिली पायरी समजा, आणि पक्कं बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. बजेट कमी असेल तर नकली ५७ पेक्षा दुसऱ्या एखाद्या ओळखीच्या कंपनीचा अस्सल, साधा डायनॅमिक माइक शंभर पटींनी बरा.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका. ड्रम आधी सुरात लावा. दोन माइक टेपने एकमेकांना बांधा, दोघांची तोंडं एका रेषेत, आणि एकाच टेकमध्ये दोन ट्रॅक घ्या. मग दोन्ही ट्रॅक कानाला सारखे मोठे लागतील असे करा, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. मित्राला सांगा नावं झाकून वाजवायला. एकदा नुसता स्नेअर ऐका, एकदा ओव्हरहेड आणि किकसोबत.