‘लाल ठिपके दाखवून घाबरवतात’ या अभिप्रायाला क्लिनिकतर्फे उत्तर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय, की आम्ही निळ्या लाइटच्या कॅमेऱ्याने फोटो काढला, स्क्रीनवर लाल ठिपके दाखवून दोन दाढा किडतायत म्हणून घाबरवलं आणि न विचारता ४०० रुपये लावले. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र तपासून कीड नाही म्हणून सांगितलं. पेशंटची फाइल चारचौघांत उघडणं बरं नाही, म्हणून तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलते.

पैशांचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. फोटोचा चार्ज वेगळा असतो हे तुम्ही खुर्चीत बसायच्या आधी सांगायला हवं होतं. ४०० रुपये परत मिळतील, काउंटरला सांगून ठेवलंय.

आता ते लाल ठिपके. हा कॅमेरा साधारण ४०५ नॅनोमीटरचा जांभळट निळा प्रकाश टाकतो. निरोगी दात त्यात हिरवा चमकतो. बरेच दिवस साचलेल्या थरातले जंतू पॉर्फिरिन नावाची द्रव्यं तयार करतात, ती लाल दिसतात. कीटणही लाल दिसतं. म्हणजे लाल दिसलं तर तिथे जंतूंनी बस्तान मांडलंय एवढंच कळतं, दात किडलाय असं नाही. म्हणून आधी क्लीनिंग, मग फोटो. त्यातही चूळ नीट भरून घ्यावी लागते, कारण पॉलिशची पेस्ट दाढेच्या खाचेत राहिली तर तीही चकवते. तुमच्या वेळी फोटो आधी निघाला आणि क्लीनिंग मागून झालं. हे आमचंच चुकलं. वर तो फोटो समजावून न सांगता तुम्हाला स्क्रीनसमोर बसवून ठेवलं, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरे डॉक्टर चुकले असंही मी म्हणणार नाही. त्यांनी खड्डा आहे का पाहिलं, तो नव्हता. पण खड्डा पडायच्या आधी इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातली, खनिजं कमी होतात, आणि ती जागा या फोटोत हिरव्यात काळपट दिसते. नुसत्या डोळ्यांनी बघायची तर दात हवेने पाच सेकंद कोरडा करावा लागतो, मग खडूसारखा पांढरा डाग दिसतो. अशा डागाला ड्रिल लावायचं नसतं, फ्लोराइड लावून वाट बघायची असते. तुम्हीही ‘फ्लोराइड लावा म्हणाले’ असंच लिहिलंय.

‘मशीनचे हप्ते पेशंटकडून वसूल करतात’ हे वाचून हसू आलं. हप्ते चालू आहेत, खोटं कशाला बोलू! पण दोन दाढांच्या फटीतली कीड हा कॅमेरा नीट दाखवत नाही, तिथे एक्स-रेच काढावा लागतो, हेही आम्ही प्रत्येकाला सांगतो.

क्लीनिंग झालेलंच आहे, तर येत्या आठवड्यात दुपारी कधीही या. फोटो पुन्हा काढू, पैसे नाहीत. जुना आणि नवा शेजारी ठेवून तुमच्यासमोरच बघू. दुसऱ्या डॉक्टरांचा कागद असेल तर तोही आणा.