नाणेघाट खालून चढा, आणि गावचा माणूस सोबत घ्या

पाऊस सुरू झाला की माझ्या टाइमलाइनवर नाणेघाट या जुन्नरजवळच्या जुन्या घाटवाटेवरच्या उलट्या धबधब्याच्या रील्सचा पूर येतो. वाऱ्याने पाणी दरीतून वर उडतंय, आणि खाली जाहिरात: चहा-नाश्त्यासकट 'हेरिटेज वॉक'. प्रत्यक्षात बस जुन्नरहून घाटघरमार्गे थेट पठारावर जाते. काठावर सेल्फी, गुहेत डोकावणं, दगडी रांजणापाशी ग्रुप फोटो, की पुन्हा बस. धबधबा सुंदरच आहे, तो बघायला जरूर जा. पण यात वॉक नेमका कुठे झाला?

माझं म्हणणं साधं आहे. नाणेघाट खालून चढायचा. मुरबाडकडून येताना वैशाखऱ्याच्या पुढे हमरस्ता सोडला की आधी रानातली चाल, मग चढ, आणि वरच्या अंगाला दगड बसवलेला जुना पायऱ्यांचा टप्पा. सोपारा (आजचं नालासोपारा) आणि कल्याणच्या बंदरांतला माल जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जायचा, तो याच वाटेने. वर पोचताना कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात. त्यातल्या एकावर लेख आहे, की हे टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. एसी बसमधून उतरून बाटलीबंद पाणी पिणाऱ्याला यात काय विशेष वाटणार? पण दोन-अडीच तास चढून घसा कोरडा पडलेल्याला कोणी समजवावं लागत नाही, की पार किनाऱ्यावरच्या माणसाने पैसे घालायला ही जागा का निवडली.

आता कमेंटमध्ये येईलच, की वाट मळलेली आहे, मोबाइलवर नकाशा आहे, मग वाटाड्या कशाला? मान्य. वाटेसाठी नकोच. माणूस हवा तो गुहेतल्या भिंतींसाठी.

तिथे बहुतेक ट्रेक लीडर एकच कॅसेट वाजवतात. जगातला पहिला टोलनाका, रांजण नाण्यांनी भरायचा, चला, पुढची बॅच आली. जकात घेतही असतील, एवढ्या राबत्या घाटात न घेतली तरच नवल. पण भिंतीवरच्या लेखात जकातीचं नावही नाही. तिथे आहे तो यज्ञांचा आणि दक्षिणेचा हिशोब. सातवाहनांची राणी नागनिका हिचा हा लेख, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात. अश्वमेध, राजसूय, आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी. एके ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे! हे आकडे अक्षरांत नाहीत, अंकांत कोरलेत. शून्य नाही, दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळ्या खुणा. चारची खूण काहीशी आपल्या बेरजेच्या चिन्हासारखी. शाळेतलं पोर हे बघून तासभर तिथून हलणार नाही, पण दाखवायला कोणीतरी पाहिजे ना.

समोरच्या भिंतीवर तर अजून गंमत. सिमुक सातवाहन, नागनिका, राजा सातकर्णी, राजकुमार, महारठी (मोठा सरदार) असे सगळ्या घराण्याचे पुतळे ओळीने होते. आज वर नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा, मधली माणसं गायब. माहीत नसलेला माणूस 'रिकामी गुहा' म्हणून बाहेर पडतो.

आणि हे दाखवणारा घाटघरचा किंवा वैशाखऱ्याचाच का हवा, पुण्या-मुंबईचा अभ्यासू का नको? अभ्यासू आला तर सोन्याहून पिवळं. पण टाक्यातलं पाणी कधीपर्यंत पिण्याजोगं असतं, कड्यावर आग्या मोहोळं कुठे आहेत, शेजारच्या जीवधन किल्ल्याच्या कातळात पावसाळ्यात पाय कुठे टाकायचा नाही, हे त्याला कोण सांगणार? इथल्या महादेव कोळी घरांची गुजराण भातावर आणि बाळहिरड्यावर, म्हणजे औषधाला जाणाऱ्या कोवळ्या हिरड्यावर. कुकडीचा उगम त्यांच्या दारात. पिढ्यान् पिढ्या हा डोंगर वापरणारा माणूस बॅचमध्ये मात्र पिठलं-भाकरी वाढायला असतो, बोलायला शहरातला लीडर. ब्राह्मीची मुळाक्षरं आणि अंक ओळखायला पीएचडी लागत नाही, चार-सहा रविवार मन लावून बसलं तर जमतं. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. माझ्या मते त्या नावाखाली करण्याजोगं पहिलं काम हेच, गावच्या माणसांना हे वाचायला शिकवणं; दहा कमानी आणि फलक नंतर.

एका आयोजकाला मी विचारलं होतं, की बॅचच्या जमेतून गावच्या माणसाच्या हातावर किती ठेवता? उत्तरादाखल हसरा इमोजी आला.

तेव्हा पावसाळ्यातले शनिवार-रविवार सोडा. दिवाळीनंतर, हवा स्वच्छ झाली की जा, पहाटे खालून निघा. गावात आधी फोन करून माणूस ठरवा, पैसे त्याच्याच हातात द्या, आणि घासाघीस करू नका. उन्हाळ्यात मात्र 'कोणी मिळेना' म्हणून कुरकुरू नका, तेव्हा घाटघरची मंडळी हिरडा गोळा करण्यात गुंतलेली असतात.