मेमरी वाढली, उतारा जुनाच राहिला : क्रॅश-डंपवरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चालू सर्व्हरमध्ये मेमरी किंवा सीपीयू वाढवल्यावर लिनक्सच्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) क्रॅश-डंपचे, म्हणजे तो कोसळताना जपून ठेवलेल्या मेमरीच्या प्रतीचे, काय होते, या माझ्या लेखावर आपण कराडहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. आपले तीन आक्षेप आहेत. हार्डवेअर बदलले की केडंपची (डंप घेण्याची तयारी ठेवणारी) सेवा पुन्हा सुरू करण्याचा जुना युडेव नियम (हार्डवेअरच्या घटनेवर काय करायचे ते सांगणारा) वर्षानुवर्षे चालत आला आहे, त्यामुळे मी उगाच धास्ती निर्माण केली, हा पहिला. मी दिलेला सुधारित नियम आपल्या 6.8 कर्नलच्या सर्व्हरवर बसवूनही सेवा पूर्वीसारखीच पुन्हा पुन्हा सुरू होत राहिली, म्हणून लेखातली माहिती चुकीची आहे, हा दुसरा. आणि कर्नलच्या दस्तऐवजात जे एका छोट्या परिच्छेदात सांगितले आहे त्यासाठी एवढा लांब मराठी लेख कशाला, हा तिसरा.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझी चूक आहे. "6.6 पासून कर्नल हे काम स्वतः करतो, रीलोडची गरज उरलेली नाही" असे वाक्य मी लिहिले होते. ते अपुरे आहे आणि अपुरे असल्यामुळेच धोक्याचे आहे. 2023 मध्ये आलेल्या 6.6 आवृत्तीत ही सोय (हार्डवेअर बदलल्यावर डंपची सगळी तयारी पुन्हा न चढवता, म्हणजे रीलोड न करता, कर्नलने ती स्वतः अद्ययावत करणे), ओरॅकलच्या एरिक डीव्होल्डर यांच्या कामातून, एक्स86 (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) यंत्रांपुरती आली. पॉवरपीसीसाठी (आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरच्या यंत्रांसाठी) ती 6.10 मध्ये, आयबीएमच्या सौरभ जैन यांच्या कामातून आली. एक्स86 वरसुद्धा कर्नल बांधताना तो पर्याय चालू ठेवलेला असावा लागतो, आणि कॅप्चर कर्नल (क्रॅश झाल्यावर डंप घेण्यासाठी राखीव मेमरीत आधीच चढवून ठेवलेला दुसरा कर्नल) कोणत्या मार्गाने लोड केला आहे, यावर पुढचे सारे ठरते. यातली एकही अट मी लिहिली नव्हती.

आपल्या सर्व्हरवर जे घडले त्याचे मूळ बहुधा या शेवटच्या अटीत आहे. कॅप्चर कर्नल लोड करण्याचे दोन सिस्टिम कॉल (कर्नलला करायच्या विनंत्या) आहेत. नव्या कॉलमध्ये फाइल थेट कर्नलच्या हाती दिली जाते आणि डंपचे शीर्षक, म्हणजे मेमरीचे कोणते पट्टे कुठे आहेत आणि सीपीयूंच्या नोंदी कुठे सापडतील हे सांगणारा ईएलएफ हेडर, कर्नल स्वतः तयार करतो. जुन्या कॉलमध्ये हाच हेडर केएक्सेक-टूल्स हे साधन कर्नलबाहेर तयार करून देते. त्यामुळे तो नंतर बदलण्याची मुभा आहे की नाही हे त्या साधनाने लोड करतानाच एका खुणेने कळवावे लागते. ही खूण केवळ उपचार नाही. क्रॅश झाल्यावर नव्या कर्नलकडे ताबा जाण्यापूर्वी मधला एक छोटा प्रोग्रॅम लोड केलेल्या भागांची एसएचए-256 बेरीज (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा ठसा) ताडून पाहतो. हेडर त्या बेरजेतून वगळलेला नसेल आणि कर्नलने मध्येच त्यात फेरफार केला असेल, तर बेरीज जुळणार नाही आणि डंप घेणारा कर्नल सुरूच होणार नाही. शिवाय पुढे वाढणाऱ्या नोंदींसाठी हेडरला आधीच मोकळी जागा राखावी लागते. साधनाने या दोन्ही गोष्टी केल्या आहेत असे खुणेने कळवल्याशिवाय कर्नल त्या हेडरला हात लावत नाही, आणि सिसएफएसमध्ये (कर्नलची स्थिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) सीपीयू व मेमरी या दोन्ही निर्देशिकांत असलेली 'क्रॅश हॉटप्लग' नावाची फाइल शून्य दाखवते. सुधारित नियम तीच फाइल वाचतो. एक दिसला तर रीलोड टाळतो, शून्य दिसला तर जुन्या पद्धतीने सेवा पुन्हा सुरू करतो. आपल्याकडे सेवा सुरू होत राहिली, त्या अर्थी नियम बिघडला नव्हता. त्याने आपला डंप शाबूत ठेवण्याचेच काम केले. मात्र हे आपल्याला लेखातून कळायला हवे होते.

पहिल्या आक्षेपाबद्दल माझे मत बदललेले नाही. तो हेडर म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखा आहे. पुरानंतर पंचनाम्याला येणारा माणूस हातातल्या उताऱ्यावर चालतो. खरेदी होऊनही फेरफार नोंदलेला नसेल, तर नवा तुकडा त्याच्या लेखी नसतोच, आणि नदीने नेलेला तुकडा मात्र कागदावर जागच्या जागी असतो. कॅप्चर कर्नलचेही तसेच आहे. नंतर वाढवलेली मेमरी हेडरमध्ये नसेल तर ती डंपमध्ये येत नाही, आणि काढून घेतलेली मेमरी हेडरमध्ये राहिली असेल तर जिथे काहीच नाही तिथे तो वाचायला जातो. म्हणून फेरफार नोंदणे अटळ आहे, आणि जुना नियम ते नोंदतो हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण एका फेरफारासाठी तो अख्खे दप्तर बाहेर काढून नव्याने लिहितो. कॅप्चर कर्नल, त्याची प्रारंभिक रॅमडिस्क (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा संच) आणि हेडर हे सगळे उतरवून पुन्हा चढवले जाते. हे चढवताना कर्नल आधीची प्रतिमा प्रथम सोडून देतो, आणि नवी पूर्ण चढेपर्यंत क्रॅश झालाच तर डंप घ्यायला कोणीही हजर नसते.

हा काळ थोडा असतो, असे आपण लिहिले आहे. एका घटनेपुरते ते मान्य. परंतु मेमरी ब्लॉकाब्लॉकाने ऑनलाइन येते आणि प्रत्येक ब्लॉकची घटना वेगळी असते. 128 एमआयबीचा (1024च्या पटीने मोजलेल्या एमबीचा) ब्लॉक धरला तर आभासी सर्व्हरला 16 जीआयबी वाढवून देताना 128 घटना घडतात. लिनक्सच्या काही वितरणांनी अशा लागोपाठच्या घटना थोपवून शेवटी एकदाच रीलोड करणारी स्क्रिप्ट जोडली आहे. तिने रीलोडची संख्या घटते, पण थांबलेल्या वेळात हेडर जुनाच असतो. आणि हार्डवेअर बदलत असतानाचा हाच काळ असा असतो की ज्यात कर्नल कोसळण्याची शक्यता इतर वेळेपेक्षा जास्त धरावी लागते. चाचणीच्या यंत्रावर मेमरी वाढवताना कॅप्चर कर्नल चढलेला आहे की नाही ते सांगणारी 'केएक्सेक क्रॅश लोडेड' ही फाइल सतत वाचत राहा, मधूनमधून शून्य दिसेल. मी तो दाखला पाहूनच लेख लिहायला घेतला.

जाता जाता हेडरसाठी राखाव्या लागणाऱ्या जागेच्या हिशेबाबद्दल, कारण आपण विचारले आहे. फाइलच्या मार्गाने लोड करताना कर्नल मेमरीच्या 8192 पट्ट्यांची तजवीज मूळ सेटिंगमध्ये धरतो. 128 एमआयबीच्या ब्लॉकांनी विरळ भरलेल्या एक टीआयबीच्या यंत्राला तेवढी पुरते. प्रत्येक नोंद 56 बाइटची, म्हणजे 448 केआयबी. सीपीयूंच्या नोंदी धरूनही हेडर एक एमआयबीच्या आत राहतो. राखीव मेमरीच्या मानाने हे ओझे नगण्य आहे.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर एका अनुभवात आहे. सांगलीतल्या एका संस्थेच्या आभासी सर्व्हरला महिनाअखेरीच्या कामासाठी चालू स्थितीतच मेमरी वाढवून दिली होती. काही आठवड्यांनी तो कोसळला. डंप वेळेवर तयार झाला, फाइल जागेवर होती, डंप तपासणारे 'क्रॅश' हे साधन ती उघडतही होते. मात्र ज्या रचनेचा संशय होता तिच्या पत्त्यावर गेले की 'सीक एरर' (त्या जागचे वाचता येत नाही) येत होती. डिस्क खराब असेल या समजुतीत आम्ही तीन दिवस घालवले. शेवटी युडेव नियमांची निर्देशिका पाहिली, तर केडंपचा नियम कोणीतरी काढून टाकलेला होता, आणि बदलांच्या नोंदवहीत कारण लिहिले होते : "कर्नल आता हे स्वतः करतो." त्या सर्व्हरवरचा कर्नल 6.6 च्या आधीचा होता. ती नोंद करणाऱ्यानेही कुठेतरी माझ्यासारखेच अर्धे वाक्य वाचले असणार. आणि माझ्या लेखात तेच अर्धे वाक्य पुन्हा उमटले, याची मला खंत वाटते.

कर्नलच्या दस्तऐवजातला परिच्छेद अचूक आहे, पण नियमाची कोणती ओळ कुठे घालायची, एवढेच त्यातून वाचकाच्या हाती लागते. शून्य दिसला तर काय समजावे, नियम काढून टाकला तर कोणता दोष किती उशिरा उघडा पडतो, हे तिथे नाही, आणि कर्नल लिहिणाऱ्यांनी ते तिथे लिहावे अशी अपेक्षाही नाही. मिरज, कुपवाड, कराडच्या कार्यालयांत रात्री सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला तेच हवे असते. म्हणून लांबीबद्दल मी माघार घेत नाही. पुढच्या सुधारणेत लेख उलट आणखी वाढणार आहे.

काल रात्री लेखातले ते वाक्य काढून त्या जागी तिन्ही अटी लिहिल्या आहेत, आणि नियम बदलण्यापूर्वी दोन्ही 'क्रॅश हॉटप्लग' फाइली वाचून पाहाव्यात हे सर्वांत वर घेतले आहे. चाचणीचा भागही बदलला आहे. आधी मेमरी वाढवायची, मग सिसआरक्यूने (कर्नलला थेट आदेश देण्याच्या सोयीने) मुद्दाम क्रॅश घडवायचा, आणि नुसती डंपची फाइल तयार झाली एवढ्यावर न थांबता वाढवलेल्या मेमरीतला एखादा पत्ता त्यात वाचता येतो का हे पाहायचे. पॉवरपीसीचा परिच्छेद अजून अपुरा आहे. तिथे हेडरबरोबर डिव्हाइस ट्रीही (कर्नलला दिलेली यंत्रातल्या हार्डवेअरची यादी) अद्ययावत व्हावा लागतो, कारण नव्याने जोडलेल्या सीपीयूवर क्रॅश झाला आणि त्या ट्रीमध्ये तो सीपीयू नसेल, तर कॅप्चर कर्नल उभाच राहत नाही. आपल्या कार्यालयात पॉवरपीसीचे एक यंत्र असल्याचा उल्लेख आपण केला आहे. त्यावरचा कर्नल कोणता आणि तिथल्या दोन्ही फाइली काय दाखवतात, एवढे कळवलेत तर तो परिच्छेद मी पूर्ण करीन.