राणीछाप रुपया घासू नका, आणि त्या मेसेजमधलं बाकीचंही ऐकू नका

परवा रात्री मावशीने फोटो पाठवला. आजोबांचा १८६२ चा राणीछाप रुपया, तिच्या तळहातावर, नव्या स्टीलच्या वाटीसारखा चकचकीत. सोबत विचारलेलं, "बघ किती छान निघाला, आता किती येतील?" आणि खाली तो फॉरवर्ड. तुमच्याकडेही आला असेलच: वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं १० लाखांना जातंय, सालाखाली चांदणी किंवा ठिपका असेल तर ते मिसप्रिंट, १०० वर्षं जुनं नाणं लाखाच्या खाली जात नाही, नाणं घासून चमकवा आणि फोटो पाठवा, रिझर्व्ह बँक विकत घेते, फक्त रजिस्ट्रेशन फी भरा.

घासण्याचंच आधी बोलतो, कारण बाकीच्यात माणूस फसतो, पण यात वस्तूच जाते आणि ती परत येत नाही. मावशीने भांड्याची पावडर आणि जुना टूथब्रश घेतला होता. चांदीवर जी काळपट, निळसर, कडेला जांभळट झाक येते ती घाण नाही, हवेतल्या गंधकामुळे चांदीच्या पृष्ठभागावर तयार झालेला अगदी पातळ थर आहे, तो बसायला वर्षानुवर्षं लागतात आणि जाणकार तो बघूनच नाणं अस्सल आहे, कोणी हात लावलेला नाही हे ओळखतात. पावडरने तो थर तर गेलाच, पण खालच्या धातूवरही ओरखडे आले. मी काल तिच्याकडे जाऊन तो रुपया दिव्याखाली तिरपा धरून भिंगातून बघितला, राणीच्या गालावर आणि चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत केसाएवढ्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने, ब्रश फिरला तशा. तांब्याच्या नाण्यावर चिंच-मीठ लावलं तरी तेच, आम्ल वरचा थर खातं आणि खालून जे गुलाबीसर तांबं दिसतं ते मुळात कधी तसं नव्हतंच.

ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नाण्याची अवस्था किती चांगली हे ठरवताना, याचं काय होतं तेही सांगतो. नाण्याला १ ते ७० मध्ये आकडा देतात, ही शेल्डन स्केल १९४९ साली अमेरिकन सेंटसाठी बनली आणि आज पीसीजीएस, एनजीसी या कंपन्या जगभरची नाणी त्यावर मोजतात. ६० पासून पुढे म्हणजे न वापरलेलं नाणं. घासलेल्या नाण्याला मात्र त्या आकडाच देत नाहीत, नुसतं "डिटेल्स" लिहून साफ केलंय अशी नोंद करतात. म्हणजे हातोहात फिरून झिजलेला पण न घासलेला रुपया चालतो, चमकवलेला नाही. धूळच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, न चोळता टिपा, नाणं कडेने धरा. बस.

आता १०० वर्षांचं. जुनं म्हणजे दुर्मिळ हे डोक्यातून काढा. १८६२ चंच बघा, हे साल घातलेले रुपये पुढची दहा-एक वर्षं पाडले जात होते, साल बदललंच नाही, त्यामुळे हा रुपया आजही भरपूर सापडतो आणि संग्राहक त्यातले प्रकार बारीक ठिपक्यांवरून वेगळे करतात. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया कितीतरी अलीकडचा, पण खरोखर दुर्मिळ. इतका, की १९३८ चा शेवटचा आकडा कोरून १९३९ केलेले नग बाजारात फिरतात. आणि ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून १८१८ साल घातलेलं, राम-सीता किंवा हनुमान असलेलं तांब्याचं नाणं कोणी दाखवलं तर ते चलनातलं नाणं नाहीच, नंतर बनवलेलं टोकन आहे.

चांदणी आणि ठिपका, हे दोन ओळीत संपतं. चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, हिरा मुंबईचा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. या टांकसाळीच्या खुणा आहेत, रोज लाखो नाण्यांवर मुद्दाम घालतात. मिसप्रिंट नाही.

वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचं, ५ आणि १० रुपयांत चलनासाठीच काढलेलं. सुट्ट्या पैशात आलं तर देवाचं म्हणून ठेवा, पण १० लाख विसरा.

आता एक मान्य करावं लागेल, चुकीच्या नाण्याला खरंच भाव असतो. पण चूक टांकसाळीत झालेली हवी. कोरी चकती साच्यात नीट बसली नाही की छाप एका बाजूला सरकते आणि उरलेला भाग कोरा राहतो. किंवा आधीचं नाणं साच्यालाच चिकटून राहतं, त्याच्यावर पुढची चकती येते, मग तिच्या एका बाजूला नेहमीची छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी, खोल दबलेली. आपल्याकडचे संग्राहक याला लखी म्हणतात. माझ्याकडे एक आहे, बोट फिरवलं की अक्षरं खड्ड्यात लागतात, ती गोष्ट हातोडीने होत नाही. मेसेजमध्ये ज्या नाण्याचे फोटो आहेत त्यातलं एक ठोकून वाकवलेलं आहे आणि दुसऱ्या १० च्या नाण्याचा मधला भाग काढून उलटा बसवलाय, हे टांकसाळीबाहेरचं नुकसान, त्याला कोणी जास्तीचा एक रुपया देणार नाही. दोन्हीकडे एकच छाप दिसली तर आतल्या कडेला जोड शोधा, बहुतेक वेळा सापडतो.

राहिली फी. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रकच काढलंय: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या वतीने ते गोळा करायला कोणालाही अधिकार दिलेला नाही. लोक आमचं नाव आणि लोगो वापरून पैसे मागतायत असं बँक स्वतःच सांगतेय, आता यावर आणखी काय पुरावा हवा? पैसे विकणाऱ्याला मिळतात, विकणाऱ्याकडून मागत नाहीत.

मावशीने फॉर्म भरला होता, आधारचा फोटोही पाठवला होता, फी मात्र अजून भरली नव्हती. नंबर ब्लॉक केला आणि तिथे बसूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावून तक्रार नोंदवली. तुमच्या घरात कोणी पैसे भरून बसलं असेल तर लाजून गप्प राहू नका, त्याच दिवशी १९३० लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आजोबांच्या पुरचुंडीत अजून सहा रुपये आहेत, काळे पडलेले. ते मी एकेक करून पीव्हीसी प्लास्टिक नसलेल्या पाकिटात घातले आणि टूथब्रश मावशीसमोरच कचऱ्यात टाकला.