खापर फोडायला डोकं कसं निवडावं

आपला संघ हरला की पहिला तास फार मोलाचा असतो. तो हळहळण्यात किंवा समोरच्यांचं कौतुक करण्यात घालवू नका. खापर तुमच्या हातात तयारच आहे, डोकं तेवढं शोधायचंय. नवशिके चाहते इथेच चुकतात आणि बाकावरच्या आठव्या-नवव्या खेळाडूच्या मागे लागतात. अहो, त्याच्याकडून अपेक्षा होती कुणाला? तिथे खापर फुटल्याचा आवाजसुद्धा होत नाही. डोकं असं हवं, की ज्याची कालपर्यंत तुम्ही दृष्ट काढत होता. वयानं कोवळं, अंगी गुण असलेलं, आणि शेवटच्या क्षणी चेंडू नेमका त्याच्याच हाती. ही शेवटची अट जुळवायला तुम्हाला काही करावं लागत नाही. अटीतटीच्या वेळी चेंडू सगळ्यात भरवशाच्या पोराकडेच जातो. निम्मं काम तिथेच झालं.

अभ्यासासाठी ख्रिस वेबरचा दाखला घ्या. 5 एप्रिल 1993, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, चौसष्ट हजारांवर प्रेक्षक. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची अंतिम लढत, मिशिगन विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना. वेबर तेव्हा वीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तो आणि त्याच्या बरोबरीची चार पोरं 1991 मध्ये एकदम मिशिगनात दाखल झाली होती. ढगळ चड्ड्या, काळे मोजे. लोक त्यांना ‘फॅब फाइव्ह’ म्हणत. पहिल्याच वर्षी पोरांनी अंतिम फेरी गाठली आणि ड्यूककडून मार खाल्ला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तिथेच हजर.

वीसेक सेकंदं उरली होती. मिशिगन 71, नॉर्थ कॅरोलिना 73. नॉर्थ कॅरोलिनाचा फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारा बिनअडथळ्याचा नेम, हुकला आणि रिबाउंड, म्हणजे उसळून आलेला चेंडू, वेबरनं ओढला. पास द्यायला गेला, हात आखडला, पाय सरकला. ते ट्रॅव्हलिंगच होतं, म्हणजे चेंडू न आपटता पावलं टाकण्याची चूक, पण पंचांनी दिलं नाही. मग हा पावणेसात फुटी गडी स्वतःच ड्रिबल करत, चेंडू आपटत पलीकडे पोचला. आपल्याच बाकासमोरच्या कोपऱ्यात दोघांनी घेरलं, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी खूण करून टाइम-आऊट मागितला, म्हणजे खेळ थोडा थांबवायची मोजकीच मिळणारी मुभा. घड्याळात 11 सेकंदं. मिशिगनकडे टाइम-आऊट शिल्लक नव्हता. नियमानं टेक्निकल फाउल, समोरच्यांना दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांनाच. 77-71, खेळ खलास.

आता इथेच थांबा. चित्रफीत मागे नेण्याचा मोह टाळा, मागे नुसत्या अडचणी आहेत. वेबरचे त्या सामन्यातले 23 गुण आणि 11 रिबाउंड तिथे सापडतील. दोनच दिवसांपूर्वी ज्यात नाकात दम आला होता, तो केंटकीविरुद्धचा जादा वेळेतला सामना सापडेल. चेंडू वर आणणं हे गार्डचं काम; ते या उंच फॉरवर्डच्या गळ्यात कसं पडलं, असली भोचक शंका डोकं वर काढेल. बाकावरूनच कुणीतरी ‘टाइम-आऊट!’ ओरडलं, असंही पुढे बोललं गेलं. शिवाय नॉर्थ कॅरोलिनाचा डोनाल्ड विल्यम्स 25 गुण करून बसला होता. पण समोरचा संघ आपल्यापेक्षा बरा खेळला असं एकदा कबूल केलं, की मग ओरडायचं कुणावर? म्हणून हिशेब सोपा ठेवा. सामना चाळीस मिनिटांचा, म्हणजे 2400 सेकंदं. त्यातली 2389 संघाची, उरलेली 11 त्याची.

राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्या पोराला धीराचं पत्र लिहिलं. लिहू दे. त्यांना देश चालवायचा होता, आपल्याला चाहतेपण निभवायचंय.

अर्थात, मराठी वाचकाला हे शिकवायला जाणं म्हणजे काशीला जाऊन गंगेत तांब्या ओतणं. 4 सप्टेंबर 2022, दुबई, आशिया कप, समोर पाकिस्तान. अर्शदीप सिंग 23 वर्षांचा. बिश्नोईच्या चेंडूवर त्याच्या हातून आसिफ अलीचा झेल सुटला. पुढचं, एकोणिसावं षटक भुवनेश्वर कुमारचं, त्यात गेल्या 19 धावा. मग विसाव्यात अवघ्या 7 धावा राखायला चेंडू दिला तो पुन्हा याच पोराकडे. त्यानं त्याच आसिफ अलीला पायचीत केलं आणि सामना पाचव्या चेंडूपर्यंत ओढत नेला. पण तोवर आपली मंडळी निकाल देऊन मोकळी झाली होती. कुणीतरी विकिपीडियावर त्याच्या पानात भारताच्या जागी खलिस्तान लिहून आलं. झेल सुटला तर हात घसरला म्हणायचं असतं. यांनी थेट देशच बदलून टाकला. एवढी झेप अमेरिकन चाहत्यालासुद्धा जमलेली नाही.

हां, एक खबरदारी घ्या. अशी पोरं कधी कधी चिवट निघतात. 2024 च्या टी-20 विश्वचषकात अर्शदीपनं 17 बळी घेतले. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला 12 चेंडूंत 20 धावा हव्या होत्या, तेव्हा एकोणिसाव्या षटकात यानं दिल्या फक्त 4. घाबरू नका. त्या रात्रीचा सूर्यकुमारचा झेल पोराटोरांना पाठ आहे. एकोणिसावं षटक कुणाचं होतं, हे चहाच्या टपरीवर विचारून बघा.

आणि वेबर? काही आठवड्यांतच एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याचं नाव सगळ्यात आधी पुकारलं गेलं, 2021 मध्ये तो बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, थोरांच्या मानाच्या यादीत गेला. मधल्या काळात मिशिगनच्या एका पाठीराख्यानं खेळाडूंना पैसे दिल्याचं प्रकरण उघडकीला आलं, त्यात वेबरचंही नाव होतं. चाहत्याला रास्तपणे रागावता आलं असतं अशी ही गोष्ट. पण तिच्यासाठी वाचावं लागतं, आणि तिची अकरा सेकंदांची चित्रफीतही नाही. 2002 मध्ये विद्यापीठानं स्वतःलाच शिक्षा करून घेतली. 1992-93 चा अख्खा हंगाम आपल्या नोंदींतून खोडला, बॅनरही उतरवले. कागदोपत्री आता तो अंतिम सामना मिशिगनच्या खाती नाही. वेबरचे 23 गुण नाहीत, 11 रिबाउंड नाहीत.

टाइम-आऊट तेवढा आहे.