‘आठवड्यात कोळी परत!’ या एक तारा अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. वाचणाऱ्यांसाठी तक्रारी थोडक्यात सांगतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये पेस्ट कंट्रोल करूनही आठवड्यात कोळी परत आले. आमच्या मुलाने ओट्याखाली फवारणी न करता ‘नुसते ठिपके’ लावले. ढेकणांसाठी पुन्हा यावं लागेल म्हणाला, म्हणजे पहिलं काम अर्धवट. आणि बिल घरमालकांच्या नावाने करून दिलं नाही.

कोळ्यांचं आधी. औषध मारलं की कोळी कायमचे जातील, असं आम्ही कुणालाच सांगत नाही. झुरळ जमिनीला घासत चालतं, मग पाय आणि मिशा तोंडाने साफ करत बसतं, त्यामुळे औषध आपोआप पोटात जातं. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, नाहीतर जाळ्यात लटकलेला असतो. भिंतीवरच्या औषधाशी त्याचा संबंध येतो तो किती? आमिष म्हणून लावलेलं जेलही तो खात नाही, त्याला शिकार लागते. त्याच्यावर खरा उपाय लांब दांड्याचा झाडू. जाळी काढायची आणि त्यात पांढरी गोळी दिसली तर तीही काढून टाकायची. ती अंड्यांची पिशवी, एकीतून शेकड्यानेही पिल्लं निघू शकतात.

आता, तुमच्याकडे जाळी सगळ्यात जास्त कुठे होती? ड्राय बाल्कनीत. तिथला दिवा रात्रभर चालू आणि खिडकीच्या जाळीचा कोपरा फाटलेला. दिव्यावर चिलटं आणि पतंग येतात, त्यांच्यामागे कोळी. निघताना मुलाने हे तुमच्या सासूबाईंना दाखवलं होतं. तो दिवा बंद होत नाही तोवर मी तिथे कितीही औषध मारलं तरी ते तुमचेच पैसे वाया घालवणं आहे.

तुम्ही फोटो टाकलाय तो बाथरूमच्या दारामागचा मोठा चपटा कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाही. तो भिंतीवर फिरून झुरळं पकडतो. पोटाखाली गोल चकती दिसतेय ती अंड्यांची पिशवी, म्हणजे ही मादी आहे. तिला हातात दाबून धरलं नाही तर ती कुणाच्या वाटेला जात नाही. वर डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर नेऊन सोडा. (मला विचाराल तर पालीपेक्षा ही परवडली, पण ज्याची त्याची आवड.)

ठिपक्यांबद्दल. ते ठिपके म्हणजेच झुरळांसाठीचं आमिषाचं जेल. तुमची मधली ट्रॉली पूर्ण बाहेर काढून रुळामागे टॉर्च मारला, तर मिरपूड सांडल्यासारखी झुरळांची घाण होती आणि फटीत तपकिरी कुप्या अडकलेल्या. ही लहान, फिकट तपकिरी जर्मन झुरळं. एका कुपीत 30 ते 40 अंडी असतात, आणि मादी ती कुपी पिल्लं निघायच्या बेतात येईपर्यंत अंगावर वागवते. कुपीच्या आत फवारा पोचत नाही. जेल खाल्लेलं झुरळ आपल्या फटीत जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग बाकीची खातात, मग तीही मरतात. घरात रांगतं बाळ असताना ओट्याखाली फवारा मारण्यापेक्षा आम्ही हेच करणार. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही ‘काहीच फरक नाही म्हणून’ त्याच जागी बाजारचा स्प्रे मारलात आणि ट्रॉली फिनाइलने पुसली, हे तुम्हीच लिहिलंय. मग झुरळं त्या जेलकडे फिरकणार कशी?

ढेकणांची दुसरी फेरी दरात धरलेलीच आहे, वेगळे पैसे नाहीत. फवारणीत ढेकूण मरतात, अंडी सगळी मरत नाहीत. ती साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतात. त्या पिल्लांनी पुन्हा अंडी घालण्याआधी गाठायचं, म्हणून पंधरवड्याने यायचं. जो एकाच फेरीत गॅरंटी देतो, त्याला लांबूनच नमस्कार करा.

तुम्ही लिहिलंय की आधीच्या घरी एकजण गोळ्या ठेवून गेला आणि एका रात्रीत सगळं साफ झालं. त्या धान्याच्या गोदामात वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील, तर हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. तो फटीतून, डक्टमधून शेजारच्या घरातही जातो. माणसं मेली आहेत यात. राहत्या घरात त्या ठेवायच्याच नसतात आणि सर्रास कुणाला विकायलाही परवानगी नाही. आमच्याकडे 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आहे, तो ऑफिसात भिंतीवर लावलेला आहे. गोळ्या मात्र मिळणार नाहीत.

राहिलं बिल. ज्याने काम सांगितलं आणि पैसे दिले, त्याच्या नावाने बिल होतं. भाड्यातून रक्कम वळती करायची म्हणून ते दुसऱ्याच्या नावाने फाडता येत नाही. तुमची अडचण मात्र कळते. 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये रंगकाम, मेंटेनन्स, डिपॉझिट सगळं असतं, पेस्ट कंट्रोलचं अवाक्षर नसतं. आमच्या पाहण्यात वाळवीचा खर्च बहुतेक घरमालक करतात, झुरळं-मुंग्यांचा राहणारे करतात, आणि ढेकणांवरून भांडणं होतात. ‘फ्लॅट दोन महिने रिकामा होता, ढेकूण यांनीच आणले’ असं तुमचे मालक म्हणतात. पण मोठा ढेकूण रक्ताशिवाय काही महिने तग धरतो. आणि ढेकूण सापडले ते फ्लॅटसोबत मिळालेल्या पलंगाच्या फळ्यांच्या खाचांत, तुमच्या गाद्यांत नव्हे. हे आमच्या लेटरहेडवर फोटोसकट लिहून देतो, ते मालकांना दाखवा. नवीन भाडेकरूंनीही किल्ली घेतानाच पलंग उलटा करून आणि ट्रॉल्या ओढून फोटो काढून ठेवावेत.

दुसऱ्या फेरीला शनिवारी सकाळी मुलगा येईल, तेव्हाच नवीन जेलही लावेल, त्याचे पैसे लागणार नाहीत. ट्रॉल्या आदल्या रात्री रिकाम्या करून ठेवा, चादरी-उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवा. आणि त्यानंतर निदान पंधरा दिवस ओट्याखाली फिनाइल नको.